हाक कोणी द्यायची

वडनेर,
४ जानेवारी १९७९

लक्ष्मणराव व्याही यांना वडनेरहून अण्णाजीचा रामराम.

आपल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आर्वीकडून आलेल्या एका माणसानं सांगितलं. एका डोळ्याचं झालं की दोन्ही, हे त्याला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून जिवाला घोर आहे. धुरात बसू नये, डोक्यावर ओझं घेऊ नये. आपण मास्तर होता, आपल्याला मी काय सांगावं. पण राहवत नाही.

मी दिवाळीनंतर पत्र टाकलं नाही, याचा राग मानू नये. सूनबाई पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे आल्या आणि जे व्हायचं नव्हतं ते झालं. बाळ राहिलं नाही. मी तेव्हा आष्टीला आलो, आपल्या ओसरीवर चहा घेतला आणि शेवटच्या गाडीनं परत निघालो. काही बोलायला सुचलं नाही. घरी आल्यावर पुष्कळ सुचलं. गावात लोक विचारतात, सून केव्हा येते. मी सांगतो, येतील, त्यांच्या मनाला वाटेल तेव्हा. घाई नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. सूनबाईंचा ट्रान्झिस्टर इथं राहिला. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून मी तो लावतो. गेले पाच दिवस त्यावर कलकत्त्याचं क्रिकेट चालू होतं. मी बैलांचं चारापाणी सोडून ऐकत बसलो, की शेवट तरी समजेल. काल संध्याकाळी सांगितलं की सामना संपला आणि कोणीही जिंकलं नाही. पाच दिवस उन्हात उभं राहून असं कसं होतं? आपल्याला या खेळाचा नाद आहे असं सूनबाई म्हणायच्या. मी चौथी शिकलेला माणूस. समजेल असं लिहावं. नसेल सवड तर राहू द्यावं.

आपला,
अण्णाजी

---

आष्टी,
११ जानेवारी १९७९

अण्णाजी यांना लक्ष्मणरावांचा नमस्कार.

एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं उन्हाळ्यात. तोवर वाचायला-लिहायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणून आपलं पत्र सुलोचनानं वाचून दाखवलं आणि हे उत्तरही मी सांगतो, ती लिहिते. शुद्धलेखन तिचं, चुका माझ्या.

व्याहीबुवा, साठी उलटल्यावर आपल्याला क्रिकेट आठवलं, याचा मला फार आनंद झाला. जन्मभर मी वर्गात हा खेळ शिकवला आणि पोरांनी फक्त काचा फोडल्या. आता मन लावून ऐका. जिंकायचं तर समोरच्यांचे सगळे गडी दोन्ही डावांत बाद करावे लागतात. वेळ संपेपर्यंत ते जमलं नाही, तर सामना अनिर्णित राहतो. हरला नाही तोही मान घेऊन घरी जातो. कलकत्त्याला त्यांचा एक गडी बाद व्हायचा राहिला आणि उजेड गेला. आपलं नशीब म्हणायचं, दुसरं काय.

गोलंदाज सहा चेंडू टाकतो, ते षटक. मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा टाकतो. आजचा धडा एवढाच. मद्रासचा सामना उद्यापासून आहे. ऐकून काय समजलं नाही ते लिहा.

घरी सर्व ठीक.

आपला,
लक्ष्मणराव

---

वडनेर,
२० जानेवारी १९७९

लक्ष्मणराव व्याही यांना अण्णाजीचा रामराम.

आपलं पत्र मिळालं. अक्षर पाहून आनंद झाला. माझं पत्रही सूनबाईच वाचतात हे मला आधी ठाऊक नव्हतं. मागच्या पत्रात काय काय लिहून गेलो, ते आठवून दोन दिवस बेचैन होतो. कमी-जास्त असेल तर पोटात घालावं.

मद्रासला आपण जिंकलो. ज्या वेळी जिंकलो त्या वेळी मी एकटाच होतो, म्हणून बाहेर येऊन शेजारच्या सीताबाईंना सांगितलं. त्या तूर पाखडत होत्या. म्हणाल्या, "मंग आता भाव वाढन का अण्णाजी?"

शाळेमागच्या पडीत आपल्या गावचे जवान खेळतात. त्यांचा कप्तान भैयाजी, किराणा दुकानवाला. मी रोज संध्याकाळी तिथं शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसतो. त्यांना वाटतं, मी बाभळीच्या शेंगांसाठी बसलो आहे. परवा एकानं चेंडू माझ्या हातात देऊन टाकायला लावला. तो तिसऱ्याच माणसाकडे गेला. पुन्हा टाकला, पुन्हा तिकडेच. भैयाजी म्हणाला, "अण्णाजी, ढोरं हाकलाले गोटा फेकता तसा नोका फेकू. हात वरून येऊ द्या." खांदा अजून दुखतो. काळजीचं कारण नाही, तेल लावलं आहे.

एक विचारायचं होतं. दुसऱ्या टोकाला एक माणूस बॅट घेऊन उभा असतो. त्याच्याकडे कोणी चेंडू टाकत नाही, तो काही मारत नाही. नुसता उभा. तो कशासाठी?

आपल्या जावयाचं, गुणवंताचं, भिलाईहून पत्र आलं. रजा नाही, क्वार्टरही मिळालेलं नाही, चार जण एका खोलीत राहतात. मी इकडे अगदी मजेत आहे. भाकरी सीताबाई देतात, भाजी माझी मी करतो. माझी कोणी चिंता करू नये, माझ्यासाठी कोणी आपलं काही अडवून ठेवू नये.

आपला,
अण्णाजी

---

आष्टी,
२९ जानेवारी १९७९

अण्णाजी यांना नमस्कार.

आपण मजेत आहात, भाकरीची सोय झाली आहे, कोणावाचून काही अडलेलं नाही, हे वाचून समाधान वाटलं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर. तो नुसता उभा असलेला माणूस नसेल, तर खेळच होत नाही. धाव काढायची म्हणजे दोघांनी जागा बदलायच्या. एकटा कितीही पळाला तरी धाव मांडत नाहीत. दहा गडी बाद झाले की अकराव्यालाही परत यावं लागतं. त्याला कोणी बाद केलेलं नसतं. जोडीला कोणी उरलेलं नसतं, इतकंच. मी शाळेत हे सांगितलं की पोरांना तो नियम अन्यायाचा वाटे. मला आता वाटतो.

सुलोचनाची आई गेल्यापासून या घरातही रेडिओच बोलतो. सामना लागला की सुलोचना येऊन बसते. बाकी दिवसभर काही ना काही निवडत असते. परवा विणकर गल्लीतल्या सुमित्राबाई आल्या होत्या, त्यांनी तिला तोंडावर विचारलं,

(इथं दोन ओळी शाईनं गिरवून खोडल्या आहेत.)

खांद्याला शेक द्यावा.

आपला,
लक्ष्मणराव

---

वडनेर,
६ फेब्रुवारी १९७९

लक्ष्मणराव व्याही यांना अण्णाजीचा रामराम.

आपलं पत्र आल्यापासून झोप नाही. माझ्याकडून काही वेडंवाकडं लिहिलं गेलं का? 'समाधान वाटलं' हे आपण ज्या पद्धतीनं लिहिलं, त्यात समाधान दिसलं नाही. खोडलेल्या दोन ओळी मी उन्हाला धरून पाहिल्या. 'आणायला' एवढा एकच शब्द लागला. कोणी कोणाला आणायला? आणायला येऊ नका, असं असेल तरी माझी तक्रार नाही. आपली लेक आहे. दुःखातून उठते आहे.

कानपूरचा सामना चालू आहे, पण त्याहून मोठी गोष्ट घडली. रविवारी मी स्वतः खेळलो.

वडनेरची जाम गावाशी मॅच होती, जामच्या हायवेजवळच्या मोकळ्या जागेत. मी बघायला म्हणून ट्रकमधून त्यांच्यासोबत गेलो. आपला एक गडी, एसटीचा कंडक्टर, ऐन वेळी ड्यूटीवर अडकला. भैयाजी म्हणाला, "अण्णाजी, धोतर वर खोसा. अकरावे तुमी." मी नाही-नाही म्हणालो. तो म्हणाला, "कराचं काई नाई. सावलीत उभे राह्यता तसे उनात उभे राहा." त्यांच्या डावात मी सीमेवर उभा राहिलो. एक चेंडू माझ्याकडे आला, तो मी पायानं अडवला. नडगी सुजली आहे, पण चार धावा वाचल्या असं सगळे म्हणाले.

आपल्या डावात नऊ गडी बाद झाले तेव्हा भैयाजी खेळत होता, आणि मला त्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. आपण ज्याच्याबद्दल लिहिलं, तोच माणूस मी झालो. जिंकायला थोड्याच धावा उरल्या होत्या.

भैयाजीनं बॅट फिरवली. चेंडू कडेला लागून त्याच्या पाठीमागे दूर गेला. मला तो पूर्ण दिसत होता, भैयाजीला दिसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघू लागला. मला वाटलं, हा कप्तान, मी नवखा, हा म्हणेल तेव्हा निघावं. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं हातानं खूण केली, तुम्ही आधी. मीही खूण केली, नाही, तुम्ही आधी. मग मी निघालो, तेव्हा तो थांबला. मी अर्ध्यात थांबलो, तेव्हा तो निघाला. मग मी जीव घेऊन पळालो, आणि त्याच वेळी तो मागे फिरला. आम्ही दोघं एकाच टोकाला जाऊन पोचलो. तिकडे माझ्या जागेच्या काड्या त्यांनी उडवल्या.

जामवाल्यांतला एक जण ओरडला, "एका खाटेवर दोघं कसे मावान रे?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

परत येताना ट्रकमध्ये भैयाजी म्हणाला, "अण्णाजी, चेंडू तुमाले दिसत होता ना?"

"दिसत होता."

"मंग काऊन नाई बोल्ले?"

"मले वाटलं, तुमी बोलान."

तो म्हणाला, "मले वाटलं, म्हाताऱ्या माणसाले मीनं काऊन पळवाव. तुमची मर्जी असन तं तुमी निघान." मग हसून म्हणाला, "मॅच गेली आपल्या दोघाच्या शिष्टाचारात."

त्याच्या मनात राग नाही. पण माझ्या मनातून जात नाही. चूक कोणाची, हे आपण नियमाला धरून सांगावं. मला वाईट वाटेल म्हणून गोड लिहू नये.

आपला,
अण्णाजी

---

आष्टी,
१३ फेब्रुवारी १९७९

अण्णाजी यांना नमस्कार.

आपलं पत्र सुलोचनानं दोनदा वाचलं. खाटेच्या जागी ती हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा हसली, म्हणून आपल्याला लिहिलं पाहिजे असं वाटलं. ती म्हणाली, हे लिहू नका. मी म्हणालो, हे खोडलंस तर पुढे सांगणार नाही.

आता नियम. चेंडू समोर गेला तर मारणाऱ्यानं हाक द्यायची. मागे गेला तर दुसऱ्या टोकाच्या माणसानं. ज्याला दिसतं, त्यानं बोलायचं. लहान-मोठा, नवा-जुना हा विचार तिथं नाही. हाक 'हो' असेल, 'नाही' असेल किंवा 'थांब' असेल, पण ती मोठ्यानं द्यायची. म्हणजे चूक आपली. आपण मागितलं म्हणून स्पष्ट लिहिलं.

इतकं सांगून झाल्यावर लिहिता लिहिता सुलोचनानं मला विचारलं, "बाबा, अन् दोघंबी तोंडाकडेच पाह्यत राह्यले तं?"

मी म्हणालो, "तं एक जाते. दुसरा एकटा राह्यते."

तिनं लेखणी खाली ठेवली. मला वाटलं शाई संपली. म्हणून पत्र इथंच पुरं करतो.

आपला,
लक्ष्मणराव

---

वडनेर,
१७ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. सुलोचना हिला अण्णाजीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बाबांच्या नावानं नाही, तुझ्या नावानं टाकतो आहे. सासऱ्यानं सुनेला असं लिहावं की नाही, मला माहीत नाही.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी तुला आणायला येतो. यायचं असेल तर ये. यायचं नसेल तर नाही म्हण, मी चहा घेऊन परत जाईन आणि मनात काही ठेवणार नाही. पण तू काय ते सांग.

माहेरच्यांनी लेकीला आपणहून पाठवायचं नसतं, सासरचं माणूस न्यायला यावं लागतं, ही रीत मला ठाऊक होती. तरी आलो नाही. मला वाटलं, तुझे डोळे अजून कोरडे झाले नाहीत आणि हा म्हातारा भाकरी थापायला सून न्यायला आला, असं सगळे म्हणतील. तू म्हणशील. म्हणून मी मजेत आहे असं लिहीत गेलो. मी मजेत नाही. घरात मी बोललेलं मलाच ऐकू येतं.

आणखी एक आहे. तुझ्या सासूनं गुणवंतासाठी केलेला पाळणा मी तू गेल्यावर रंगवून माजघरात टांगला होता. तो तसाच आहे. काढला तर वाईट, ठेवला तर वाईट. त्याच्याखालून वाकून जातो. तू सांगशील तसं करीन.

अण्णाजी

---

आष्टी,
१९ फेब्रुवारी १९७९

ती. मामाजी यांना सुलोचनाचा नमस्कार.

हो. या.

मला वाटत होतं, बाळ राहिलं नाही म्हणून तुम्हाला मी त्या घरात नको असेन. सुमित्राबाईनं तेच विचारलं होतं, की अजून कोणी आणायला कसं आलं नाही. बाबांनी ते तुम्हाला लिहायला सांगितलं आणि मी खोडलं. मागून घेतलेलं बोलावणं मला नको होतं. तुमची पत्रं मी वाचायची, त्यात गोलंदाज असायचे, सीताबाईंच्या भाकरी असायच्या, मला न्यायला येतो असं कुठं नसायचं. 'घाई नाही' हे मी पुष्कळदा वाचलं.

मी येईन, पण तुम्हाला आधीच सांगते. यांचं कालच पत्र आलं. गुढीपाडव्यानंतर क्वार्टर मिळणार आहे. मग मी भिलाईला जाणार. तोवर वडनेरला राहीन. हे ऐकूनही यायचं असेल तर या.

पाळणा काढून माळ्यावर ठेवा. कोणाला देऊन टाकू नका.

सुलोचना

---

वडनेर,
१५ जुलै १९७९

लक्ष्मणराव व्याही यांना अण्णाजीचा रामराम.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता जाड भिंगांतून आपल्याला स्वतः वाचता येतं, हे कळून बरं वाटलं. म्हणून हे पत्र थोडं मोठ्या अक्षरात काढलं आहे. ओळी वर-खाली गेल्या असतील.

भिलाईहून आपल्याकडे पत्र येत असेलच. इकडेही येतं. क्वार्टरला नळ आहे, मागे पपईचं झाड आहे. गुणवंत आणि सूनबाईला गाडीत बसवायला मी वर्धा स्टेशनपर्यंत गेलो होतो. ट्रान्झिस्टर मी तिच्या पिशवीत घातला. ती नको म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या माहेरचा आहे, गुणवंत शिफ्टला गेला की तुला लागेल. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की सेलच्या दोन नव्या जोड्या माझ्या खिशातच राहिल्या. त्या पार्सल केल्या, पोचल्या.

इथं होती तेव्हा ती स्वयंपाक करता करता मला सांगायची, हा लेग स्पिन, तो ऑफ. पोळपाटावर लिंबू फिरवून दाखवायची. आता मला सगळं समजतं. सध्या विलायतेत सामना चालू आहे, तो मी संध्याकाळी भैयाजीच्या दुकानात बसून ऐकतो. काल आपले दोघं धाव घेताना गोंधळले, तेव्हा हाक कोणाची होती ते मी तिथल्या तिथं सांगितलं. दुकानात कोणाचं लक्ष नव्हतं. साखर तोलणं चालू होतं. मग उठून घरी आलो. घरी येऊन कोणाला सांगणार. पेरणी झाली आहे, कपाशीची पऱ्हाटी दोन पानांवर आहे, त्यामुळे दिवस जातो. संध्याकाळ जात नाही.

आपलंही तसंच असणार, म्हणून विचारतो. नाही, विचारत नाही. आपण इकडे या. आठ दिवस, पंधरा दिवस, जितके काढाल तितके. इथं आपल्याला बोलायला एक माणूस मिळेल, ज्याला आता क्रिकेट येतं.

आपण काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. लेकीला मूल होत नाही तोवर बाप तिच्या घरी जेवत नाही, आपल्याकडची रीत आहे. लग्नानंतर आपण दोनदा आलात, दोन्ही वेळा फाट्यावरच्या हॉटेलात जेवलात आणि माझ्या ओसरीवर नुसतं पान खाल्लं. सूनबाई आत रडत होती, ते मी आपल्याला तेव्हा सांगितलं नाही.

त्यावर मी पुष्कळ विचार केला. गुणवंत आणि सुलोचना भिलाईला राहतात. तिचं घर तिकडे आहे, चूल तिकडे आहे. इथं तिची एक पेटी होती, तीही गेल्या महिन्यात गुणवंत येऊन घेऊन गेला. तेव्हा हे आता लेकीचं घर राहिलं नाही. हे लिहिताना थोडा वेळ थांबावं लागलं, पण खरं तेच आहे. हे नुसतं माझं घर आहे, आणि माझ्या घरी जेवायला आपल्याला कोणतीही रीत आड येत नाही.

वरण मला चांगलं जमतं. भाकरी सीताबाई दोन जास्त टाकतील, त्यांना सांगून ठेवलं आहे.

आपला,
अण्णाजी